पॉर्नची सवय, पाळक आणि मंडळी: कुणाला सांगायचं आणि सुरुवात कुठून करायची

काही वर्षांपूर्वी शनिवारी रात्री साडेअकराला मला एका पाळकांचा, म्हणजे चर्चच्या पास्टरांचा फोन आला. दुसऱ्या दिवशी महिन्याचा पहिला रविवार, म्हणजे प्रभुभोजन, पाळकानं टेबलामागं उभं राहून सगळ्यांना भाकर आणि द्राक्षरस द्यायचा विधी. ते म्हणाले, "दादा, उद्या मला टेबलामागं उभं राहवणार नाही." मला वाटलं बरं नसेल. मग बराच वेळ शांतता आणि मग एकदम रडायलाच लागले, आणि जे बाहेर आलं ते असं की उपदेशाच्या तयारीला म्हणून लॅपटॉप उघडायचा आणि दोन-दोन तास तसले व्हिडिओ बघत बसायचं, हे सहा वर्षं चाललेलं, लग्न झालेलं, पदरात दोन मुलं, आणि सहा वर्षांत ही गोष्ट त्यांनी पहिल्यांदाच कुणा माणसाजवळ बोलून दाखवली होती. देवाला रोज सांगत होते. माणसाला एकदाही नाही.

मी त्यांना सल्ला दिला तो साफ चुकीचा दिला. म्हटलं उपास धरा, तीन दिवस प्रार्थनेत बसा, उद्या ताप आलाय म्हणून सांगा, आणि हे परत कुणाला बोलू नका. म्हणजे सहा वर्षांत एकदा उघडलेलं दार मीच परत लावून घेतलं. त्यानंतर मी स्वतः बरंच वाचलं, एका समुपदेशकांकडं जाऊन बसलो, चार-पाच जणांबरोबर ह्या वाटेनं चाललो (मी स्वतःही तरुणपणी ह्यातनं गेलेलो आहे, तेव्हा इंटरनेट नव्हतं, व्हीसीआर भाड्यानं आणायचे), आणि त्या रात्री काय सांगायला पाहिजे होतं ते आता लिहितोय.

ज्याला वाटतं हे आपल्या मंडळीत, म्हणजे आपल्या चर्चच्या लोकांत नाही, त्याच्यासाठी एक आकडा. अमेरिकेत २०१६ मध्ये बार्ना ग्रुप ह्या ख्रिस्ती विषयांवर सर्व्हे करणाऱ्या संस्थेनं पाळकांचा सर्व्हे केला, त्यात ५७ टक्के पाळकांनी आणि तरुणांमध्ये काम करणाऱ्या ६४ टक्के पाळकांनी कबूल केलं की आत्ता किंवा पूर्वी कधीतरी आपण पॉर्नशी झगडलोय. सध्या झगडतोय म्हणणारे अनुक्रमे १४ आणि २१ टक्के होते. अमेरिकेचं सोडा म्हणाल, तर त्याच वर्षी सप्टेंबरात आपल्याकडं जिओ आलं आणि गावोगावच्या माणसाच्या खिशात फुकटचं नेट पडलं, पाळकाच्या खिशातही तेच. आणि कॅथलिक बांधवांनी हा प्रोटेस्टंटांचा प्रॉब्लेम आहे असं समजू नये, पोप फ्रान्सिस ऑक्टोबर २०२२ मध्ये रोममधल्या सेमिनारीच्या मुलांशी बोलताना स्पष्ट म्हणाले होते की धर्मगुरू आणि सिस्टर्ससुद्धा बघतात, आणि फोनमधनं ते काढून टाका.

आधी बघा की नेमकं झालंय काय

आपल्यात ह्याला एकच शब्द आहे, व्यसन. वर्षातनं दोनदा बघितलं तरी व्यसन आणि रोज चार तास बघितलं तरी व्यसन. दोघांना एकच औषध देता येत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची यादी आहे, आयसीडी-११, ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. त्यात "पॉर्नचं व्यसन" असं नाव नाहीच, "कम्पल्सिव्ह सेक्शुअल बिहेवियर डिसऑर्डर" आहे. त्याचा ढोबळ अर्थ असा की सहा महिने किंवा जास्त काळ माणसाला आवरता येत नाही, थांबायचे प्रयत्न पुन्हा पुन्हा फसतात, तब्येत, काम, घर मागं पडतं, मजा येत नसली तरी तो करत राहतो. आणि त्यातच एक ओळ आहे जी प्रत्येक पाळकानं वाचायला पाहिजे, की माणसाचा त्रास जर फक्त "हे नैतिकदृष्ट्या वाईट आहे" एवढ्याच भावनेतून येत असेल तर तेवढ्यावरनं हे निदान करायचं नाही. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांची मानसिक आजारांची यादी आहे, डीएसएम, तिच्यात तर हा आजार म्हणून घेतलेलाच नाही. जोशुआ ग्रब्स नावाच्या मानसशास्त्रज्ञानं ह्यावर बरंच काम केलंय, त्याला दिसलं ते हे की धार्मिक माणूस कमी बघत असला तरी स्वतःला व्यसनी म्हणवून घेण्याची शक्यता जास्त, कारण त्याची श्रद्धा आणि त्याचं वागणं जुळत नाही आणि ती ओढाताण त्याला खाते.

ह्याचा अर्थ पाप नाही असा मी घेत नाही, माझ्यासाठी पाप आहेच. पण पाप आणि आजार ह्या दोन वेगळ्या वह्या आहेत. एकात नोंद आहे म्हणून दुसऱ्यात असतेच असं नाही.

म्हणून पहिलं काम, दोन आठवडे एक छोटी वही ठेवा. बघितलं की तारीख, किती वाजता, किती वेळ, कुठं, आणि त्याच्या आधी तासाभरात काय झालं होतं एवढंच लिहायचं. स्वतःला शिव्या लिहायच्या नाहीत, स्तोत्र ५१ (दावीदाचं पश्चात्तापाचं स्तोत्र) लिहून काढायचं नाही, फक्त हिशोब. दोन आठवड्यांनी साधारण तीनपैकी एक चित्र दिसतं. एक, क्वचित पडतो पण अपराधीपणानं महिनाभर मेल्यासारखा असतो, ह्याला बहुतेक वेळा एक विश्वासू माणूस आणि चांगली पाळकीय मदत पुरते. दोन, सवय झालीय, ठराविक वेळेला ठराविक ठिकाणी हात आपोआप जातो, ह्याला खाली लिहिलेलं सगळं लागेल. तीन, आवरतच नाही, कामाच्या वेळेत, गाडी बाजूला लावून, पैसे घालवून, झोप घालवून चालू आहे, ह्याला हे सगळं तर लागेलच पण मानसोपचारतज्ज्ञ किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्टही लागेल, कारण खाली डिप्रेशन किंवा चिंतेचा आजार दडलेला असू शकतो आणि तो नुसत्या मनोनिग्रहानं जात नाही. टेली-मानस ह्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीतही बोलतात. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये २०१४ पासून स्क्रीनच्या सवयींसाठी वेगळं क्लिनिकच आहे, शट क्लिनिक म्हणतात त्याला.

एक माणूस शोधा, एकच

हे सगळ्यात अवघड आणि माझ्या मते निम्मं काम इथंच होतं. बायबलमध्ये याकोबाच्या पत्रात ५:१६ ला पातकं एकमेकांजवळ कबूल करा असं लिहिलंय, आपण ते वाचतो आणि पुढं "नीतिमानाची प्रार्थना" वर उपदेश करतो, अलीकडचं अर्धं वाक्य तसंच राहतं.

हा माणूस कोण असावा? पुरुषाला पुरुष, बाईला बाई. वयानं थोडा मोठा. आणि पाळकाच्या बाबतीत, त्याच्या मंडळीतला नको, कमिटीवरचा तर नकोच, ज्याच्या हातात त्याची बदली किंवा पगार आहे असाही नको. सीएनआयचा (चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचा) पाळक असेल तर दुसऱ्या डायोसिसमधला, म्हणजे दुसऱ्या बिशपांच्या हद्दीतला, मेथॉडिस्टांतला, अलायन्स चर्चवाला, कुणीही चालेल, निवृत्त पाळक तर उत्तम, त्यांनी सगळं बघितलेलं असतं आणि आता कुणाला घाबरायचं कारण नसतं. स्वतंत्र फेलोशिप चालवणाऱ्या पास्टरची पंचाईत जास्त असते कारण त्याच्या वर कुणीच नसतं, संस्थापक तोच, ट्रस्टी त्याचा मेव्हणा, त्यानं तर मुद्दाम बाहेर जाऊन शोधायला पाहिजे. कॅथलिकांकडं पापनिवेदनाची सोय आहे आणि तिथली गुप्तता कधीच मोडत नाही हे फार मोठं आहे, पण दर वेळी वेगळ्या चर्चमध्ये वेगळ्या फादरांकडं जाऊन आलं की मन हलकं होतं आणि बदलत काहीच नाही, म्हणून एकच फादर धरा आणि त्यांना सांगा की मी तुमच्याकडंच येणार.

सांगायचं कसं? लांबण लावली की माणूस शेवटी मूळ मुद्द्यावर येतच नाही, "आत्मिक दुर्बलता", "काही परीक्षा चालू आहेत" असल्या शब्दांच्या आड लपतो. चार सरळ वाक्यं आधी कागदावर लिहून न्या. मी पॉर्न बघतो. अमुक वर्षांपासून, आठवड्यात साधारण इतक्यांदा. शेवटचं अमुक दिवशी. मला थांबायचंय आणि दर आठवड्याला तुम्ही मला विचारावं अशी माझी विनंती आहे. बास. तपशील, म्हणजे कसले व्हिडिओ वगैरे, पहिल्या दिवशी सांगायची गरज नाही.

आणि ऐकणाऱ्यासाठी, कारण मी इथंच चुकलो होतो. चेहरा पाडू नका. लगेच बायबलमधलं वचन काढू नका. तीन गोष्टी मात्र त्याच दिवशी विचारा, शांतपणे: ह्यात लहान मुलांचं काही आहे का, खरी कुणी व्यक्ती गुंतलीय का (मंडळीतली, ऑनलाइन, पैसे देऊन), आणि मरून जावंसं वाटतं का. पहिल्या दोन्हींपैकी एकाचंही उत्तर हो असेल तर खालचा लाल रेषांचा भाग बघा. तिसऱ्याचं हो असेल तर त्या रात्री त्याला एकटं सोडू नका, घरी जा, १४४१६ ला फोन लावा, दुसऱ्या दिवशी डॉक्टर. पकडला गेलेला पाळक फार वेगानं त्या टोकाला जाऊ शकतो, कारण त्याचं नाव, घर, पगार, ओळख सगळं एकाच खुंटीला टांगलेलं असतं. तिन्हींचं नाही असेल तर पुढच्या भेटीचा दिवस आणि वेळ ठरवूनच उठा, "कधीही फोन करा" म्हणू नका, तसा फोन कुणी करत नाही.

फोनचं काय करायचं

फिल्टरनं मन बदलत नाही हे मला माहितेय, पण तलफ आणि व्हिडिओ ह्यांच्यामध्ये दोन मिनिटांचा अडथळा आला तरी पुष्कळदा पुरतो, सिगरेट सोडणारा घरात पाकीट ठेवत नाही तसंच हे.

अँड्रॉइड ९ किंवा पुढचा फोन असेल तर सेटिंग्जमध्ये "प्रायव्हेट डीएनएस" शोधा (वरच्या सर्चमध्ये टाकलं की सापडतं, प्रत्येक कंपनीनं वेगळ्या ठिकाणी ठेवलंय). तिथं होस्टनेमच्या रकान्यात इंग्रजीत फॅमिली डॉट क्लाउडफ्लेअर हायफन डीएनएस डॉट कॉम टाकायचं. फुकट आहे, बहुतेक अश्लील साइट उघडत नाहीत. घरच्या वायफाय राउटरला तेच करायचं असेल तर डीएनएसच्या जागी १.१.१.३ टाका, मग घरातल्या सगळ्याच उपकरणांना लागू होतं, मुलांच्या टॅबलाही. आयफोनला स्क्रीन टाइममध्ये जाऊन कंटेंट रिस्ट्रिक्शन्सखाली अडल्ट वेबसाइट लिमिट करा, आणि स्क्रीन टाइमचा पासकोड स्वतः टाकू नका, त्या एका माणसाला टाकायला सांगा. गूगलचं सेफसर्च चालू करा.

आता ह्यातली भोकं. व्हीपीएन टाकलं की बऱ्याचदा हे सगळं बायपास होतं. आणि टेलिग्राम, इन्स्टा, एक्स ह्यांच्या आतलं काही डीएनएस फिल्टरला दिसत नाही, आणि माझ्या अनुभवात हल्ली पुष्कळ जणांची घसरण साइटवरनं सुरू होतच नाही, रात्री रील बघता बघता होते. वहीत जर रील दिसत असेल तर ते ॲप काढा, नुसतं लपवू नका. सरकारनं २०१५ ला ८५७ आणि २०१८ ला ८२७ साइट ब्लॉक करायला सांगितल्या होत्या, काय झालं आपण बघितलंच, एक बंद झाली की दुसरी.

लॅपटॉप बंद खोलीत वापरायचा नाही. पार्सनेजमध्ये, म्हणजे पाळकाच्या घरी, अभ्यासिकेचं दार उघडं, स्क्रीन दाराकडं. फोन रात्री स्वयंपाकघरात चार्जिंगला, गजरासाठी बाजारातनं साधं घड्याळ आणा. माझ्या ओळखीत सगळ्यात जास्त फायदा ह्या घड्याळाचा झालाय, हसू येईल पण खरंय.

फोनवर काय बघितलं ह्याचा रिपोर्ट दुसऱ्याला पाठवणारी ॲपं असतात, कव्हनंट आईज वगैरे. दोन मोठी माणसं आपापल्या मर्जीनं वापरत असतील तर ठीक. पण मंडळीनं किंवा पाळकानं लोकांच्या फोनमध्ये ती टाकायला लावू नयेत. अमेरिकेत हेच झालं, चर्चचे पुढारी सभासदांच्या स्क्रीनवर नजर ठेवू लागले, त्यावर बातमी आली आणि २०२२ मध्ये गूगलनं ह्यातली दोन ॲपं प्ले स्टोअरवरनं काही काळ काढून टाकली होती.

तलफ कधी येते ते ओळखा

बायबलमध्ये २ शमुवेल ११ उघडा, दावीद राजा दुसऱ्याच्या बायकोच्या, बथशेबाच्या मोहात पडतो ती गोष्ट. राजांनी लढाईवर जायचा काळ, सैन्य गेलेलं, आणि दावीद घरी. संध्याकाळी पलंगावरून उठला आणि गच्चीवर फिरायला लागला. बथशेबा दिसण्याच्या आधीच अर्धी गोष्ट झालेली आहे, काम नाही, सोबत कुणी नाही, झोप नको तेव्हा झालेली, आणि उंच जागा जिथनं तो सगळ्यांना बघू शकतो आणि त्याला कुणी विचारत नाही.

पाळकाची गच्ची कुठली? ज्यांच्याशी बोललो त्यांच्या वह्यांत दोन वेळा सारख्या येतात, शनिवारची रात्र आणि रविवारची संध्याकाळ ते सोमवार. शनिवारी उपदेश तयार नसतो, टेन्शन असतं, घर झोपलेलं असतं. रविवारी दोन उपासना, संडे स्कूल, एखादं घरचं भजन, कुणाचा तरी वाढदिवस, सगळ्यांशी हसून बोलून माणूस रिकामा होतो, आणि त्या रिकाम्या मनाला काहीतरी पटकन पाहिजे असतं. नाताळात आणि गुड फ्रायडेच्या आठवड्यानंतर हे आणखी वाढतं. एलीया संदेष्ट्याचं बघा, कर्मेल डोंगरावर एवढा विजय आणि लगेच झुडपाखाली जाऊन मरण मागतोय, तर देवदूतानं त्याला आधी झोपू दिलं आणि भाकर-पाणी दिलं, भाषण नंतर. म्हणून सोमवार सुट्टी म्हणजे सुट्टी, आणि उपदेश शुक्रवारी संपवायचा. शुक्रवारनंतर त्यात जी भर पडते ती मंडळीला कळतही नाही, हे मी बाकावर बसून तीस वर्षांच्या अनुभवानं सांगतो.

तलफ आली की तिच्याशी कुस्ती खेळू नका. "नाही नाही, ह्याचा विचार करायचा नाही" म्हटलं की तेच डोक्यात बसतं. ती येते, चढते आणि आपण काही केलं नाही तर उतरते, बहुतेक वेळा अर्ध्या तासात. तेवढा वेळ काढायचा. जागा सोडा, खोलीतनं बाहेर या, पाणी प्या, जेवला नसाल तर काहीतरी खा, चालायला जा, त्या माणसाला "आत्ता जड जातंय" एवढा मेसेज टाका. प्रार्थना करा पण चालता चालता, डोळे उघडे ठेवून, त्याच खोलीत त्याच खुर्चीत गुडघे टेकून नको, कारण त्या खोलीला तुमची सवय पाठ आहे.

परत पडलात तर

पडाल, बहुतेक जण पडतात. धोका त्या एका वेळेत कमी आणि तिच्या नंतरच्या तासांत जास्त असतो, कारण "आता पडलोच आहे, चाळीस दिवस वाया गेले, उद्यापासून परत" म्हणून माणूस रात्रभर बघतो. म्हणून दिवस मोजायचं ॲप मला आवडत नाही, एक दिवस चुकला की काटा शून्यावर येतो आणि त्याबरोबर माणूसही. महिन्याला किती वेळा हे बघा, आठवरनं दोनवर आलं तर ते दोन अपयशं नाहीत. नियम एकच ठेवा, पडलं की दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत त्या माणसाला सांगायचं. लपवलेला आठवडा हा पडलेल्या रात्रीपेक्षा वाईट.

आणि कृपा करून मंडळीसमोर सुटकेची साक्ष देऊ नका, इतक्यात नको. आपल्याकडं पंधरा दिवस नीट गेले की लगेच स्टेजवर बोलावतात, "देवानं भावाला सोडवलं", टाळ्या, हालेलुया, आणि तिसऱ्या आठवड्यात तो पडला की आता सांगणार कुणाला, सगळ्या मंडळीसमोर सुटलेला आहे ना तो. सुटकेच्या सभेत डोक्यावर हात ठेवून "व्यभिचाराचा आत्मा निघ" म्हणून ओरडणं हा आणखी एक प्रकार. प्रार्थनेवर माझा विश्वास आहे, पण सगळ्यांसमोर झालेल्या त्या अपमानानंतर ती माणसं परत कधी तोंड उघडत नाहीत हे मी दोनदा बघितलंय.

घरी सांगणं

बायकोला सांगायचं का? माझं मत हो, पण पहिल्या रात्री भडाभडा नाही, आणि ती विचारत असेल तर खोटं कधीच नाही. आधी त्या माणसाशी किंवा समुपदेशकाशी बोलून, एकदाच, पूर्ण आणि खरं सांगा. थोडं आज, थोडं महिन्यानं असं केलं की दर वेळी तिच्या पायाखालची जमीन परत सरकते. तिच्या अंगावर टाकून मोकळं व्हायला ती कबुलीची पेटी नाही.

पाळकीणबाईंची स्थिती तर सगळ्यात वाईट, त्यांचा पाळक म्हणजे त्यांचा नवराच. त्यांनी जायचं कुठं? त्यांच्यासाठी वेगळी बाई, वेगळी समुपदेशक पाहिजे, आणि ती व्यवस्था नवऱ्याच्या व्यवस्थेबरोबरच करा, नंतर बघू नको. तिला पोलीस बनवू नका, फोन तपासायचं काम तिचं नाही. आणि "तू जरा स्वतःकडं लक्ष दिलं असतंस तर" हे वाक्य कुठल्या मावशीच्या तोंडून येत असेल तर तिला तिथंच थांबवा, ही सवय बहुतेकांना लग्नाच्या कितीतरी आधीपासून असते.

पाळकानं सेवा थांबवायची का?

इथं लोक दोन टोकांना जातात. एक म्हणतात बायबलमध्ये १ तीमथ्यात लिहिलंय की अध्यक्ष, म्हणजे मंडळीचा पुढारी, अदूष्य (निर्दोष) पाहिजे, काढून टाका. दुसरे म्हणतात देवाच्या अभिषिक्ताला हात लावू नका, झाका.

मी काय बघतो ते सांगतो. स्वतःहून आलाय की पकडला गेलाय, किती दिवसांचं आहे, मदत घ्यायला तयार आहे का, आणि खरं माणूस कुणी गुंतलंय का. स्वतःहून आला, पडद्यापुरतं आहे, मदत घेतोय, तर तीन-चार महिने व्यासपीठ आणि समुपदेशनाचं काम कमी करून, पगार आणि घर तसंच ठेवून त्याला चालायला वेळ देता येतो. पूर्ण थांबायची गरज असेल तर आजारपणाची रजा देतो तशी द्या. कारण घर मंडळीचं, मुलांची शाळा मिशनची, कबूल केलं की महिन्यात बोचकं बांधायचं असेल तर कोण कबूल करेल? लपवा असं आपणच त्याला शिकवतो. माझे ते शनिवारचे पाळक दीड वर्षानं परत बोलले, माझ्याशी नाही, एका निवृत्त पाळकांशी, आणि त्यांच्या बिशपांनी त्यांना शांतपणे चार महिन्यांची रजा दिली. आज सेवेत आहेत. अजून दर सोमवारी त्या म्हाताऱ्या पाळकांना फोन करतात.

लाल रेषा

इथं दया-क्षमा नंतर, आधी कायदा आणि ज्याला इजा झाली तो.

लहान मुलांचं अश्लील साहित्य बघणं, डाउनलोड करणं हा आयटी कायद्याच्या ६७बी कलमाखाली गुन्हा आहे, पहिल्यांदाच पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड, आणि ते बाळगण्याबद्दल सुप्रीम कोर्टानं २३ सप्टेंबर २०२४ च्या निकालात अगदी कडक भूमिका घेतलीय. कुणा मुलावर अत्याचार झाल्याचं कळलं तर पॉक्सोच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हाही गुन्हा. "मला विश्वासात सांगितलं होतं" चालत नाही. म्हणून ऐकणाऱ्यानं सुरुवातीलाच सांगावं की मुलांना इजा सोडून बाकी सगळं माझ्यापाशी राहील. १०९८ हा मुलांसाठीचा नंबर.

मंडळीतली बाई, तरुण संघातली मुलगी, समुपदेशनाला आलेली कुणी, तिला मेसेज, फोटो, स्पर्श, हा पॉर्नचा विषय राहत नाही, तो अधिकाराचा गैरवापर आहे, आणि त्याला "पतन" म्हणून गुंडाळू नका. रवी झकरायस चेन्नईत जन्मलेले, जगभर ऐकले जाणारे वक्ते, २०२० मध्ये वारले, आणि त्यांच्याच संस्थेनं नेमलेल्या वकिलांचा अहवाल फेब्रुवारी २०२१ मध्ये आला तेव्हा कळलं की मसाज करणाऱ्या बायकांचं त्यांनी वर्षानुवर्षं लैंगिक शोषण केलं होतं. त्यांच्या प्रवासाबद्दल, पैशाबद्दल, फोनबद्दल कुणी विचारलं नाही, आणि ज्यांनी विचारलं त्यांना गप्प बसवलं. अशा वेळी तपास बाहेरच्यांनी करायचा, पाळकाच्या मित्रांनी नाही.

तिसरं, ब्लॅकमेल. पाळकाचा नंबर चर्चच्या बोर्डावर असतो, फेसबुकवर असतो. अनोळखी बाईचा व्हिडिओ कॉल येतो, स्क्रीन रेकॉर्ड होते, दुसऱ्या दिवशी "सायबर पोलीस बोलतोय" म्हणून पैसे मागतात. पैसे देऊ नका, एकदा दिले की थांबत नाहीत. मेसेज डिलीट करू नका, स्क्रीनशॉट काढा, १९३० ह्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला कळवा आणि त्या एका माणसाला लगेच सांगा.

मंडळीनं काय करायचं

सगळ्यात आधी "प्रार्थनेचा विषय" बंद करा. आपल्याकडं चुगली अशीच फिरते, "अमक्यासाठी प्रार्थना करा हं, जास्त सांगत नाही", आणि संध्याकाळपर्यंत नगर ते नालासोपारा सगळ्यांना जास्त माहीत असतं.

व्यासपीठावरनं वर्षातनं एकदा तरी ह्यावर साधं, न ओरडता बोला, आणि बोलताना "तरुण मुलांनो" म्हणू नका, पन्नाशीतले एल्डर (मंडळीतले वडील) निवांत मान डोलावतात. बायकाही बघतात, त्यांची लाज दुप्पट असते कारण हा पुरुषांचाच रोग आहे असं सगळे धरून चालतात, तेव्हा महिला मंडळातली एक समंजस बाई ह्यासाठी ठरवून ठेवा. संडे स्कूलच्या वरच्या वर्गाच्या आईवडिलांना एकदा बोलावून फोनची सेटिंग दाखवा, आणि त्यांना सांगा की मूल सापडलं तर मारू नका, विचारा कुणी दाखवलं.

आणि कमिटीनं लिहून ठेवा, कुणाचं काही बाहेर यायच्या आधी, कुणाचं नाव डोळ्यासमोर नसताना. पाळकानं स्वतःहून सांगितलं तर कुणाला सांगायचं, पगार आणि घर किती महिने चालू राहील, समुपदेशनाची फी कोण देणार, कुठल्या गोष्टी सरळ पोलिसांकडं जातील. एक पान पुरतं. आमच्या कमिटीत हे बजेटच्या मीटिंगला घेतलं, कारण फीची रक्कम त्याच वेळी धरता येते. हिशोबात ती "पाळक आरोग्य" ह्या नावाखाली टाकलीय, चष्मा आणि दाताच्या बिलाबरोबर.